वडनेरच्या मुलीचा डावा गाल

२९ मे २००५. त्वचारोग विभागाचं जुनं कपाट रिकामं करायला घेतलं. आमचे सर निवृत्त झाले. उद्या सकाळच्या गाडीने ते मुलाकडे पुण्याला निघणार आणि नव्या डॉक्टरांना कपाट हवं आहे.

माणसाचं नाव विसरून त्याचे मुरूम लक्षात ठेवणारा असा डॉक्टर अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला थांबवून त्याचं कपाळ मोजत आणि तेवढ्यात त्यांच्या पानातला भात निवून जाई. माझ्या लग्नाचा अल्बम त्यांनी कौतुकाने चाळला आणि म्हणाले, "हनुवटीवर सहा होते." हिंगणघाटच्या एसटीत एकदा त्यांनी कंडक्टरचा गाल इतका निरखला, की तो वैतागून म्हणाला, "काय पाहून राह्यले साहेब?" सर शांतपणे म्हणाले, "अठरा. मागच्या महिन्यात चोवीस होते."

सात वर्षांपूर्वी त्यांच्या मनाने घेतलं, की ड जीवनसत्त्वाचा मलम सोरायसिसवर, म्हणजे खवल्यांच्या रोगावर, चालतो, तर मुरुमांवरही लावून पाहावा. प्रत्येक पेशंटला दोन डब्या दिल्या. एकीवर 'डावा' लिहिलेलं, दुसरीवर 'उजवा'. एकीत औषध, दुसरीत औषध नसलेला नुसता मलम. कशात काय ते फक्त औषध बनवणाऱ्याला ठाऊक, आणि त्याने ते प्रत्येकाच्या नावाच्या बंद पाकिटात लिहून दिलेलं. दर पंधरा दिवसांनी सर भिंग घेऊन मोजायला बसत. पेशंट "या बाजूनं बरं वाटते" म्हणाला की कानांत बोटं घालत, कारण ऐकलं तर मोजणी बिघडेल.

त्यात वडनेरची एक मुलगी होती. तिच्या डाव्या गालावरचे एकतीस मुरूम नवावर आले आणि उजवा गाल होता तसाच राहिला. त्या दिवशी सगळ्या ओपीडीला सरांकडून चहा मिळाला. पुढच्या खेपेला दोन्ही गाल स्वच्छ. बाहेर तिच्या आईने मला 'सिस्टर' म्हणून बाजूला घेऊन आधीच सांगितलं होतं, की मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते म्हणून डावी डबी दोन्हीकडे लावली. मी त्यांना गप्प बसा म्हटलं होतं, हे लपवत नाही. मोजके पेशंट, आणि सरांनी आयुष्यात हाती घेतलेला हा एकच अभ्यास. पण मुलीनेच सांगून टाकलं. आई तिच्या बाजूने उभी राहिली. "डाक्टरसाहेब, एकच गाल काऊन चोपडाचा? पोरगी काय अर्धी द्याची हाय?"

सरांनी तिच्या कागदावर उभी रेघ मारली, ती अभ्यासातून बाद. आई घाबरली, औषध बंद करता काय म्हणून. सरांनी उरलेली डावी डबी तिच्या हातात ठेवली. "नाई वो माय. आता दोन्ही गालाले लावजो."

बाकीच्यांची पाकिटं उघडली, तर दोन्ही गाल सारखेच. सरांनी तसं लिहूनही टाकलं. मुलीचं लग्न जमलं. तिचं पाकीट मात्र त्यांनी उघडू दिलं नाही. अभ्यासातून गेली, आता ते आपलं नाही, म्हणत. तरी दर दोन-चार महिन्यांनी, हात धुता धुता, विचारायचे, "सिस्टर, तो डावा गाल तुम्ही पाहिला होता ना?" मी म्हणायची, पाहिला होता सर.

आज तेच पाकीट खालच्या कप्प्यात सापडलं. मी उभ्या उभ्या फाडलं. डावा, नुसता मलम. उजवा, औषध.

पाकीट पर्समध्ये टाकलं आणि कपाटात उरलेल्या रिकाम्या डब्या उकळायला ठेवल्या.

३० मे. सकाळी स्टेशनवर गेले. प्रवासापुरतं लिंबाचं लोणचं त्यातल्याच एका डबीत भरून नेलं होतं. सरांनी 'डावा' वाचलं, डबी हातात फिरवली आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "ते वडनेरचं पाकीट निघालं काय कपाटात?"

"नाही सर. खालच्या कप्प्याला वाळवी लागली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोजत नव्हते. "बरं झालं," म्हणाले.

गाडी हलली तेव्हा खिडकीतून ते समोरच्या प्रवाशाचं कपाळ निरखत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मी ऑटो केला आणि आठची ड्यूटी गाठली.