दोन मामांचं एक जावळ

ये रे बाळा, असा जवळ ये. आईला चिकटून बस, तुला मराठी वाचता येत नाही तर ती वाचून दाखवील. आणि ऐकताना पाय हलवायचे नाहीत. मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, मी इंडियन का अमेरिकन?" आणि माझं तोंड उघडतंय तोवर "बाय आजी" म्हणून मोकळासुद्धा झालास! असं मोठं विचारायचं आणि पळून जायचं, ही कुठली रीत? मला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. म्हणून आता लिहितेच.

तुझी आई आमच्या वाडीतली पहिली कॉम्प्युटर इंजिनियर. पुण्याला शिकली, लग्न झालं आणि जावयांबरोबर अमेरिकेला निघाली. तेव्हा शाळेत तिला शाल-नारळ दिला. सरपंच म्हणाले, "पोरीनं देशाचं नाव काढलं." तिचे जुने गुरुजी माझ्याशेजारी बसले होते. ते हळूच म्हणाले, "वहिनी, नाव देशाचं आन् डोकं त्यांच्या कामाला. आपल्या हाती शाल बी न्हाई राहिली, ती बी तीच घेऊन चालली." मी हसले खरी, पण घरी येऊन रडले.

मग तिकडे तुझा जन्म झाला. आता जावळाचं तुला सांगितलं पाहिजे. बाळाचे पहिले केस म्हणजे जावळ. ते मामाच्या मांडीवर बसवून काढायचे. पहिली बट मामानं कापायची, मग न्हाव्यानं. त्याच्याशिवाय बाळाच्या डोक्याला कात्री लागत नाही. तुझा मामा म्हणजे तुझ्या आईचा धाकटा भाऊ. कांद्याच्या शेतीतून डोकं वर न काढणारा माणूस, पण भाच्यासाठी त्यानं चांदीचं कडं आणि जरीची टोपी करून ठेवली होती.

तुमची तिकडची कागदं सरकारात अडकलेली. बाहेर पडलात तर परत आत घेतील का, भरवसा नाही. मामा म्हणाला, "ती येत न्हाई तर मी जातो." गेला मुंबईला व्हिसा मागायला. पिशवीत नवी कात्री! ती फाटकावरच काढून घेतली. आत खिडकीतल्या बाईनं विचारलं, कशाला जायचंय? हा म्हणाला, भाच्याचे केस कापायला. ती म्हणाली, तिकडे न्हावी आहेत. झालं, कागदावर नकाराचा शिक्का.

इकडे पेठ गावची तुझी दुसरी आजी, बाबांची आई, ऐकेना. तिसरं वर्ष लागायच्या आत जावळ झालंच पाहिजे. केस तुझ्या डोळ्यांत यायचे. आणि एका सकाळी तुझ्या आईचा फोन आला.

"आई, जावळ झालं."

"बरं झालं गं. मामा म्हणून कोणाला बसवलं?"

ती म्हणाली, "शेजारचे भाईजान. लाहोरचे."

"लाहोर म्हणजे... त्यांच्यातलं?"

"हो आई. मी बाळंतीण असताना त्यांच्या बायकोनंच मला न्हाऊ घातलं. दुसरं कोण होतं मला इथं?"

आमच्या फोनचा आवाज मोठा, ओसरीवर बसलेल्यालाही ऐकू जायचा. तुझा मामा तिथंच कांद्याचं रोप मोजून जुड्या बांधत होता. जुडी हातातच राहिली.

"मला व्हिसा न्हाई, आन् माझा भाचा त्याच्या मांडीवर!" तो म्हणाला. "साऱ्या अमेरिकेत दुसरा माणूस गावला न्हाई तिला?"

कारगिलची लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते रे. आसपासच्या गावांतली पोरं सीमेवर होती. तुझा मामा तर त्यांच्याशी मॅच असली की ओझरच्या गणपतीला नारळ फोडून यायचा, टीव्ही अंगणात काढायचा, सगळी आळी गोळा करायचा. त्याला हे कसं पचावं?

तेव्हापासून आईचा फोन आला की तो विहिरीवरची मोटार चालू करायला निघायचा. लाईट नसली तरी निघायचा! आळीतल्यांना कळलं आणि त्यांना चेव आला. मॅचच्या दिवशी एकजण म्हणाला, "काय राव, आज कोणाच्या बाजूनं? तुझा भाऊच बोलिंग टाकतोय की!" सगळे हसले. ह्यानं टीव्ही बंद केला, उचलून आत आणला आणि वर गोधडी टाकली.

मला हसू यायचं आणि काळजीही वाटायची. पोरगी लांब गेली, ते मी सोसलं होतं. पण बहीण-भावाचं बोलणंच तुटलं तर आम्ही म्हातारी माणसं गेल्यावर तिनं ह्या घराला माहेर म्हणायचं कोणाच्या भरवशावर?

मग तुमची कागदं सुटली आणि तुम्ही आलात. तू चार वर्षांचा. टोपीखालून मागे उंदराच्या शेपटीएवढी एक बट लोंबत होती. मी म्हटलं, "अगं, हे काय? न्हावी विसरला?"

तेव्हा आईनं सांगितलं. त्या भाईजानांनी तुला मांडीवर घेऊन पहिली बट कापली. पुढे तुझे बाबा मशीन फिरवत मानेपर्यंत आले, तर त्यांनी तुझ्या डोक्यावर हात आडवा धरला. म्हणाले, "बस. इतने रहने दो. जिसका हक़ है, वो काटेगा." त्यांचीही बहीण लाहोरला. कागदांपायी तेही अडकलेले. म्हणाले, "मेरे भांजे मुझे आवाज़ से पहचानते हैं, शकल से नहीं." पुढं दोन वर्षं, आईनं कंटाळून कात्री काढली की, ते आडवे यायचे.

तुझा मामा दारात बैलाचं दावं उगाच सोडत-बांधत उभा होता. ऐकलं त्यानं सगळं.

दुसऱ्या दिवशी मी उठते तर हा आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून तयार. म्हणाला, "ताई, पोराला घे. ओझरला जाऊ."

देवळामागच्या घाटावर त्यानं मांडी घातली आणि तुला घेतलं. तू जे भोकाड पसरलंस! त्याची छाती ढकलत ओरडलास, "यू आर नॉट मामू! मामू इज इन अवर बिल्डिंग!" एवढं इंग्रजी त्यालाही कळलं. त्याचा चेहरा असा झाला की मी नदीकडे बघायला लागले. तुझी आई पुढे झाली, तर त्यानं तिला हातानं थांबवलं.

"बरोबर हाय तुझं," तो तुला म्हणाला. "तो थोरला मामू, मी धाकला. धाकल्याला बी एक बट कापू दे की, राव."

तुला काय कळलं कोणास ठाऊक, पण गप्प झालास. त्यानं बट कापली, नदीत सोडली, तुला कडं घातलं. मग पिशवीतून टॉवेल-टोपी काढून तुझ्या आईच्या हातात दिली. "मामाचा मान असतोय. त्या भाईचा राहून गेलाय. माझ्याकडनं दे त्याला." तुझी आई तिथंच पायरीवर बसून रडली. हाही तिच्याशेजारी बसला, आणि मग घरी येईपर्यंत दोघांची तोंडं काही मिटली नाहीत.

बदलला म्हणू नकोस हां. मॅच असली की अजून त्यांच्या बोलरला शिव्या देतो, नारळही फोडतो. पण ते जिंकले की तुझ्या आईला फोन लावून सांगतो, "भाईला म्हणावं, लई उड्या मारू नको."

तर बाळा, तू कुठला, हे मला अडाणीला काय सांगता येणार? पासपोर्ट तुझा तिकडचा, तो खोटा नाही. आणि ह्या घाटावर तुझा केस वाहिलाय, तेही खोटं नाही. दोन्ही असू दे. तुझा लाहोरचा मामू अजून बहिणीकडे जाऊ शकला नाही, असं आई म्हणते. तुझ्या इथल्या मामाला तिकडे कोणी येऊ देत नाही. तुला तर कोणी अडवत नाही ना? मग सुट्टी लागली की ये. लवकर ये.