न संपलेली कामं मोजा

सेहेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही, कारण कुणाला ते खरंच वाटलं नाही. दिवसा बुटीबोरीच्या रस्त्यावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी शहरात येऊन मार्गदर्शक सरांच्या प्रयोगशाळेत बसायचं, असं सुरू झालं.

माझा विषय संगणकाची मेमरी. माहिती सांभाळायची आणि मागितली की द्यायची, एवढंच एरवी तिचं काम. गणित करतो तो प्रोसेसर. आता मात्र माहिती जिथे ठेवली तिथेच तिचं गणित उरकणाऱ्या चिप्स आल्या आहेत. त्यात ने-आण वाचते. अडचण अशी, की मेमरीचा जो भाग गणितात गुंतलेला असतो, त्यातून तेवढा वेळ इतर कुणाला साधं वाचनही करता येत नाही. मग आधी कुणी, थांबायचं कुणी, याचा नियम लागतो. तो नियम लिहिणं म्हणजे माझा प्रबंध.

सासूबाईंना मी हे गच्चीवर समजावलं. आमच्या इमारतीची गच्ची कपडे वाळवायची. उन्हाळ्यात त्या तिथेच कुरडया घालतात. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून पाडावा लागतो. मधेच कुणी कपडे काढायला आलं की बाज सरकवा, वाट द्या, तोवर चीक घट्ट.

"मंग त्याईले खालीच थांबवायचं," त्या म्हणाल्या.

"किती वेळ?"

"माह्या कुरडया होईस्तोवर."

"आणि त्यांना नेमकं बाहेर जायचं असलं, घालायला कपडेच नसले तर?"

"एवढं शिकली अन् मलेच इचारून राहिली? तूच सांग ना वं!"

सरांचं उत्तर तयार होतं. साधं वाचन नेहमी आधी, गणितानं फटीफटीतून उरकून घ्यावं. या नियमावर त्यांचे शोधनिबंध होते, आणि आलेख असे सुरेख की वाचनही वेगात आणि गणिताचा सरासरी वेळही कमी. मी त्यात थोडी सुधारणा करावी आणि मोकळं व्हावं, अशी अपेक्षा होती. माझी मुदत संपत आली होती आणि समितीपुढचं सादरीकरण तोंडावर होतं.

तेव्हाच मला एक गोष्ट खटकली. मेमरीवर वाचनांची गर्दी वाढवली की गणिताचा सरासरी वेळ वाढायच्या ऐवजी कमी होत होता. गर्दी वाढल्यावर वाट पाहणं कमी झालेलं मी सीताबर्डीच्या बाजारात तरी कधी पाहिलेलं नाही. म्हणून या चाचण्या चालवणारा प्रयोगशाळेचा जुना प्रोग्राम उघडून ओळीनं वाचला. चाचणी ठरावीक वेळेला थांबायची आणि सरासरी काढताना फक्त पूर्ण झालेली कामं धरली जायची. जी गणितं शेवटपर्यंत अडकून पडली, ती मोजलीच जात नव्हती. गर्दी जितकी जास्त तितकी अडकलेली जास्त, म्हणजे सरासरी तितकी देखणी. तीही धरली तेव्हा दिसलं, सरांच्या नियमाखाली मोठी गणितं पाळीच न येता उपाशी मरत होती.

मी सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, इतकी वर्षं सगळे हाच प्रोग्राम वापरताहेत."

"म्हणजे सगळ्यांचंच चुकलं."

"प्रबंधात शेवटी लिहून टाका ना, पुढे अभ्यासाला वाव आहे म्हणून. परीक्षक आलेख बघतात, चहा घेतात, जातात. तुम्हाला डिग्री हवी की भांडण?"

"डिग्री. पण या आकड्यांवर नको."

"सही माझी लागते."

"माहीत आहे, सर."

घरी नवऱ्याचं म्हणणं, सही होऊ दे, मग काय बोलायचं ते बोल. सही झाल्यावर बोलायला काय लागतं? मी ताटावर नुसतीच बसले होते.

"काहून वं, जेवत काहून नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"सर म्हणतात, न झालेली कामं मोजू नका."

"वा! मंग मीबी घासलेलेच भांडे मोजीन अन् सांगीन, सारे झाले."

पुढच्या आठवड्यांत मी माझा नियम बसवला. साधी वाचनं थोडी साठू द्यायची, गणित एका टप्प्याला आलं की ती एकदम सोडायची. पण एखादं वाचन मर्यादेबाहेर ताटकळलं तर गणित तिथेच रोखायचं. खरी मोजणी केल्यावर माझ्याही नियमाचा तोटा दिसला. काही साधे प्रोग्राम संथ होत होते. तो आलेखही मी लावला. "निदान हा तरी काढा," सर म्हणाले. काढला नाही.

समितीत बाहेरून आलेले एक परीक्षक होते. त्यांनी जुना आणि नवा आलेख शेजारी ठेवून पाहिले.

"एवढा फरक कसा?"

"जुन्यात न संपलेली कामं धरलेली नाहीत."

"प्रोग्राम कुणाचा आहे?"

सर समोरच्या कपाकडे बघत होते.

"प्रयोगशाळेचा. दुरुस्ती माझी. आत्ता चालवून दाखवते."

दाखवली. परीक्षक पुढे झुकून बघत राहिले, मग माझ्या तोट्याच्या आलेखावर आले. "हे आपणहून का लावलंत?"

"होतंय म्हणून."

समितीनं मला पास केलं नाही आणि नापासही केलं नाही. सरांच्या नियमाचे सगळे जुने प्रयोग नव्या मोजणीनं पुन्हा करा, मग या, असं ठरलं. त्यासाठी मुदतवाढ हवी आणि अर्जावर सरांची सही.

मी अर्ज तिथेच भरला आणि व्हरांड्यात त्यांना गाठलं.

"म्हणजे आता माझे जुने निबंध खोडणार तुम्ही," ते म्हणाले.

"दुरुस्त करणार. दुरुस्तीच्या निबंधावर तुमचं नाव घालू की एकटीचं पाठवू?"

मी हललेच नाही. शेवटी त्यांनी कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून सही केली आणि वळले.

"सर, तारीख राहिली," मी म्हटलं, आणि ती टाकेपर्यंत त्यांना जाऊ दिलं नाही.