नीळ दिलेली भिंत

"हा कापूस तर माझ्या शर्टापेक्षा पांढरा आहे," नायब तहसीलदार म्हणाले आणि अर्जाला जोडलेला फोटो त्यांनी माझ्याकडे सरकवला. "भिजून पिवळा पडला, असं तुम्हीच लिहिलंय ना?"

लिहिले मीच होते. दारव्ह्याला तहसीलसमोर टेबल टाकून मी अर्ज, अ‍ॅफिडेव्हिट आणि अपिले लिहितो. शिक्षण नववी, तथापि माझा मसुदा वकीलदेखील सहसा बदलत नाहीत. कापसाचे ते दिवस फार वाईट होते. रोज तीच व्यथा नव्या नावाने लिहायची आणि वर 'सविनय' घालायचे. त्या शब्दाचाच मला शीण आला होता.

शेजारी सुमनबाई उभ्या होत्या. अवकाळी पावसात त्यांच्या घरावरचा टिनपत्रा सरकला आणि मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला कापूस मागच्या बाजूने भिजला. पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याने दारातूनच पाहिले आणि रिमार्क मारला : 'तक्रार खोटी.' सुमनबाई गावच्या बचत गटाच्या अध्यक्ष. खोटारडी बाई अध्यक्ष कशी, असे गटात उघड बोलले जाऊ लागले.

"भरपाई नाही भेटली तं नाही भेटो, साहेब," त्या म्हणाल्या. "पण ते खोटी लिवलं, तेवढं खोडा. मी खोटं कायले बोलू?"

"पुढच्या तारखेला नीट पुरावा आणा."

"उजेडात, अंगणात फोटो काढून आणतो," मी म्हणालो.

"अंगणातला कापूस याच घरातला कशावरून? खोलीतच काढा."

मी फोटो घेऊन रहीमभाईंच्या स्टुडिओत गेलो. फोटो त्यांनीच काढला होता. त्यांचे सारे आयुष्य लग्नांत गेलेले.

"वकीलसाहेब," ते मला चिडवायला असेच म्हणतात, "नवरी गोरी दिसली पायजे म्हणून जिंदगीभर समोरून फ्लॅश मारला. आता कापूसबी गोरा झाला, त्याले मी काय करू?"

वाचकांसाठी खुलासा करतो. फ्लॅश समोरून मारला की उजेड थेट आदळतो. डाग आणि छटा धुऊन निघतात. त्याऐवजी फ्लॅशची मान वळवून उजेड छतावर किंवा भिंतीवर मारायचा. तो तिथून पसरून, मऊ होऊन परत येतो आणि वस्तू जशी आहे तशी दिसते. याला बाउन्स म्हणतात.

रहीमभाईंचा नवा डिजिटल कॅमेरा घेऊन आम्ही जीपने गावात गेलो. सुमनबाईंनी पुढचा कोरडा कापूस बाजूला सारला. मागचा पिवळा थर उघडा पडला. कुबट वास आला. खोलीला खिडकी नव्हती. छत चुलीच्या धुराने काळे; तिथून उजेड परत येईना. रहीमभाईंनी फ्लॅश बाजूच्या भिंतीकडे वळवला, बटण दाबले, स्क्रीन पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"हे तं अजून उजळलं! साबणाच्या जाहिरातीवानी."

भिंतीला दिवाळीचा चुना होता आणि चुन्यात नीळ. उजेड भिंतीचा रंग सोबत घेऊन येतो. पिवळट धोतर निळीने जसे पांढरे दिसते, तसा कापूस दिसत होता.

भिंत झाकायला सुमनबाईंनी ठेवणीतली पांढरी चादर आणली. तिलाही नीळ.

"घरात बिननिळीचं काहीच नाही का?" मी विचारले.

"निळीबिगर कपडा धुते का कोनी?" त्या माझ्यावरच उखडल्या. मग कोरे, न धुतलेले मांजरपाट आणले. ते पिवळसर होते.

"लावा हेच," रहीमभाई खूश झाले. "पिवळ्याले अजून पिवळं. आपलं कामच होऊन जाते."

मी थकून एका पोत्यावर बसलो. खरे सांगायचे तर 'लावा' म्हणण्याचा मोह मलाही झाला.

"नाही, भाऊ," सुमनबाई म्हणाल्या. "यानं तं चांगला कापूसबी पिवळा दिसन. खोटं पुसाले खोटं नाही लागत मले."

एवढ्यात माझे लक्ष मांडीवरच्या पिशवीकडे गेले. तीत कोरे, पांढरेशुभ्र फुलस्केप कागद होते. अर्जनवीस कागदाविना घराबाहेर पडत नाही. सुमनबाईंनी कणकेची खळ शिजवली. आम्ही तिघांनी भिंतीचा एक भाग कागदांनी मढवला. भिजलेल्या थराशेजारी मी मूठभर चांगला कापूस ठेवायला लावला, म्हणजे शंकेला जागा उरू नये. रहीमभाईंनी कागदांवर फ्लॅश मारला.

या वेळी मूठभर कापूस पांढरा आला. शेजारचा थर पिवळा, आणि खाली तपकिरी डाग.

तारखेला साहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला. रिमार्कवर आडवी रेघ मारली आणि सही केली.

"भरपाईचं मात्र आता होणार नाही. मुदत गेली."

"मी तं आधीच म्हटलं होतं," सुमनबाई म्हणाल्या आणि फोटोची एक प्रत मागून घेतली. गटाच्या बैठकीत त्यांनी ती प्रत्येक बाईच्या हातात दिली. अध्यक्ष त्याच राहिल्या. कापूस कवडीमोल भावाने गेला.

तेव्हापासून पुराव्याचा फोटो देखणा आला की मी तो परत पाठवतो. रहीमभाई वैतागतात.