खसखस, यिर्मया आणि बहरीनचे साहेब

...पाणी भरून झालं होतं, कोंबड्या सोडल्या होत्या आणि मी करंज्यांच्या सारणासाठी खसखस भाजत होते. नाताळ आला की संगमनेरात आमच्या घरोघरी हेच चालतं. ह्या वेळी करंज्या विमानाने जाणार होत्या. ह्यांना देवाघरी जाऊन वर्ष होत आलं होतं. बहरीनला लेकीला मुलगा झाला होता आणि मी त्याला अजून पाहिलं नव्हतं.

मुंबईहून थेट विमान मिळतं. शाळा दुसरीत सुटली, पुढचं वाचन मी पवित्र शास्त्रावरच शिकले, म्हणून वाटेत त्यातलं यिर्मयाचं पुस्तक उघडलं. त्या संदेष्ट्याला आपल्याच लोकांनी चिखलाच्या हौदात टाकलं, आणि बाबेलच्या परक्या राजाने मात्र त्याला सांभाळायचा हुकूम दिला. राजाच्या सरदाराने बेड्या काढल्या, शिधा आणि भेट देऊन सोडलं.

उतरल्यावर सामान तपासणाऱ्या साहेबांनी डबा उघडायला लावला.

"मामा, इसमें क्या है?" तिकडे आईला मामा म्हणतात.

"नारियल, शक्कर, खसखस. भूनके डाला है."

साहेबांचा चेहरा बदलला. खसखस अफूच्या बोंडातली, तिला इथे बंदी, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मोठ्या साहेबांना बोलावलं. नातवाला न बघताच परत पाठवतात की काय, असं वाटलं. मनात म्हटलं, देवा, यिर्मयाला सोडवलंस, मी तर नुसत्या करंज्या केल्यात.

"किसके लिए?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"बेटी के लिए. उसको लड़का हुआ. मैंने अभी देखा नहीं." मग राहवेना. "तुम एक खाके देखो."

पहिले साहेब खोकले. मोठे हसले. करंज्या जप्त झाल्या.

"खलास, मामा. फिर मत लाना." टेबलावरचे चार खजूर त्यांनी माझ्या हातावर ठेवले. "यल्ला, जाओ, बेबी देखो."

म्हणजे शिधासुद्धा मिळाला.

गाडीत लेक चिडली. "आई, खसखशीची पुडी आणू नकोस, बजावलं होतं ना?"

"पुडी कुठे आणली?"

जावई गाडी चालवता चालवता हसत होते.

लेक रिफाला राहते. तिथे गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, ध्यानात ठेवा. सुट्टी शुक्रवारी, म्हणून मराठी उपासनाही शुक्रवारी. दिवसभर मला वार चुकल्यासारखं वाटलं. समुद्राकाठचा किल्ला संध्याकाळी बघा, तिथली रोटी, खुबूस, गरम असतानाच खा. मी बरेचदा बाळाला मांडीवर घेऊनच जेवले.

घरी परतल्यावर सगळे किल्ल्याचं विचारत होते. मला मोठे साहेबच आठवत राहिले. त्यांची प्रार्थना वेगळी, भाषा वेगळी, पण माझ्या नातवापर्यंतचं दार देवाने त्यांच्याच हातून उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्या कबरेवरचं गवत उपटलं आणि बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय, एवढं सांगून आले.