अप्पांचा जबडा आणि माझे रक्तदाते

वडिलांच्या जबड्याचं ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांशी तात्त्विक वाद घालू नये, एवढं मला आता पटलं आहे.

अप्पा तमिळनाडूत तिरुवैयारूला मुलांना गाणं शिकवतात. त्यांच्या दाढेखाली गाठ झाली होती. ती काढल्यावर हाडात खड्डा राहणार, आणि तो नीट भरला नाही तर जबडा कमजोर, म्हणजे गाणं बंद. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, "खड्ड्यात रक्तातला प्लाझ्मा भरू. हाड लवकर भरायला मदत होते." मी यातला 'रक्त' एवढाच शब्द घेतला आणि कामाला लागले. (माझं लहानपण जातीविरोधी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. आमच्याकडे पाहुण्यांना आधी पत्रक मिळायचं, मग कॉफी.) सेल्वम, यास्मिन आणि आरोग्यम या तीन मित्रांना ऑटोत कोंबलं. तीन धर्म, एक ऑटो! पुढच्या पत्रकाचा मथळा वाटेतच सुचला: रक्ताला जात नसते.

दवाखान्याच्या दारात आत्या बसली होती. आत्या इतकी सोवळ्याची की प्रवासात पाणीसुद्धा घरचं पिते.

"हे कोण ग?"

"अप्पांना रक्त द्यायला आलेत."

"अय्यो! दादाच्या तोंडात?"

"तोंडात नाही, हाडात."

"ते हाड तोंडातच आहे की."

तिला तिथेच सोडून मी आत गेले. डॉक्टरबाई अप्पांच्या हातातून रक्त काढत होत्या.

"दाते आणलेत," मी म्हणाले.

"कशाला मा? यांचंच रक्त लागतं. दुसऱ्याचं नको."

झालं. "विज्ञान शिकलेल्या तुम्ही, आणि ही शुद्धतेची भाषा?" मी सुरू झाले. डॉक्टरबाई गोंधळल्या, नर्स गोंधळली. बधिर जबड्याचे अप्पा हात हलवत "अव्व, अव्व" म्हणाले. (तो मी पाठिंबा समजले.) त्या रक्ताची नळी यंत्रात गरगरू लागली, तसा मी आवाज चढवला. यंत्र थांबलं तरी मी चालूच होते.

डॉक्टरबाईंनी नळी माझ्या नाकासमोर धरली. खाली लाल, वर पिवळसर.

"हा वरचा भाग हाडाच्या कामाचा. हे यांचंच आहे, म्हणून शरीर मुकाट्यानं घेतं. परक्याचं घातलं तर ते भांडत बसेल. तुमच्यासारखं."

मी बाहेर आले आणि मान खाली घालून मित्रांना म्हणाले, "जा तुम्ही. कुणाचंही रक्त नको. अप्पांचंच पाहिजे."

"हे पत्रकात छापायचं का?" सेल्वमनं विचारलं.

आत्या मात्र उठली आणि तिनं कौतुकानं माझी दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली.

अप्पांचं हाड छान भरलं. ते पुन्हा गातात. आणि आत्या भेटेल त्याला सांगते, "पोरीनं दवाखाना डोक्यावर घेतला, पण दादाच्या तोंडात परक्याचं रक्त जाऊ दिलं नाही."

काल कुंभकोणमच्या एका कडक सोवळ्याच्या घरातून मला मागणी आली. निरोप असा: अशी तत्त्वाला पक्की मुलगी हल्ली मिळते कुठे?