पंख्याचं तोंड वर

"अरं इंजिनेर! पंख्याचं तोंड वर कर! जीव चाललाय त्याचा!"

मी तेव्हा मोरीत होतो, डोक्याला साबण लावून. कुणाचा तरी जीव चाललाय म्हटल्यावर टॉवेल गुंडाळून तसाच ओटीवर धावलो. तिथे वाइंडिंगवाले चाचा माझ्या कॉम्प्युटरशेजारी मांडी घालून बसले होते. एका हातात आईने दिलेला चहा, दुसऱ्या हातात कागदाची पातळ पट्टी. ती पट्टी त्यांनी कॉम्प्युटरच्या पाठीशी धरली होती आणि ती वारा पडलेल्या दिवशीच्या झेंड्यासारखी लोंबत होती.

"बघ," चाचा म्हणाले, "श्वासच नाय."

वाइंडिंगवाले चाचा म्हणजे खालापुरात कचेरीच्या रस्त्याला जळलेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देणारा माणूस. शेतातला पंप, घरातला मिक्सर, मशिदीतला पंखा, देवळातला पंखा, सगळं त्यांच्याकडे. ते यंत्र उघडत नसत, आधी हुंगत. टोलनाक्यावरून जाणाऱ्या टेंपोतल्या मोटारीचा त्यांनी एकदा दुकानात बसून वास घेतला आणि सांगितलं, "अर्धी जळलीय, उरलेली लोणावळ्यापतुर टिकल." हे मी पाहिलेलं नाही, पण सांगताना मी नेहमी तिथे हजर असतो.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आदी वारा बघावा, मग पंखा." गिऱ्हाईक पंखा घेऊन आलं, की ते पंख्याबद्दल काहीच विचारत नसत. खिडकी कुठे, दार कुठे, भिंतीला कपाट टेकलंय का, असलं विचारत. काही लोक वैतागून पंखा उचलून परत नेत. घरी जाऊन कपाट सरकवत. पंखा चालू लागे.

आता माझं सांगतो. मी त्या वर्षी लग्नाच्या फिल्मा करायचा धंदा काढला होता. कॉम्प्युटर विकत न घेता स्वतः जोडला, कारण मी इंटरनेटवर त्यावरचे सतरा व्हिडिओ पाहिले होते. त्यातले चौदा इंग्रजीत होते आणि उरलेले मला कळले होते. जोडायला एकोणीस दिवस लागले; बारा दिवस एक स्क्रू शोधण्यात गेले, तो माझ्या खिशात होता. यंत्राला सगळी वीज वाटून देतो तो डबा, त्याला एसएमपीएस म्हणतात. तो कॅबिनेटच्या तळाशी बसतो आणि त्याला एक पंखा असतो. त्याचं तोंड खाली ठेवायचं की वर, एवढाच प्रश्न. खाली ठेवलं तर कॅबिनेटच्या बुडाच्या जाळीतून बाहेरची हवा घेतो. वर ठेवलं तर कॅबिनेटच्या आतली. मी खाली ठेवलं होतं. सतराव्या व्हिडिओतल्या दाढीवाल्या साहेबाने तसंच सांगितलं होतं.

आणि खरं सांगायचं तर दुसरंही कारण होतं. डबा उलटा केला की त्यावरचं रुबाबदार नाव कॅबिनेटच्या काचेतून उलटं दिसलं असतं. त्या काचेचे मी जादा पैसे मोजले होते.

धंद्यातलं पहिलं काम चाचांनीच दिलं. त्यांच्या सलमाचा निकाह. मे महिना, मांडवात भाड्याचे चार मोठे पंखे, आणि पाहुणे जमल्यावर त्यातले दोन बंद. दुसरा एखादा बाप भाडेवाल्याला शिव्या घालून मोकळा झाला असता. चाचांना बंद पंखा बघवत नसे. नव्या कोऱ्या शेरवानीत ते कनातीमागे पंखे उघडून बसले. निकाह झाला, जेवणं झाली, सलमा गाडीत बसून म्हसळ्याला निघाली, आणि चाचा ग्रीसने माखलेले हात घेऊन धावत बाहेर आले तेव्हा त्यांना गाडीची मागची काच दिसली.

"पोरीची पाठवणी बघायची ऱ्हायली रं," ते मला दुसऱ्या दिवशी म्हणाले. "बाकी कापलंस तरी चालंल. तेवढी दाखव."

मी छाती फुगवून सांगितलं, "शुक्रवारी घेऊन जा."

फिल्म कापून-जोडून झाली, की शेवटी ती सगळी एकत्र शिजवून काढावी लागते. आम्ही धंद्यातले लोक त्याला रेंडर म्हणतो. आम्ही धंद्यातले लोक म्हणजे मी. रेंडर लावलं, की कॉम्प्युटर अर्धा तास तापायचा आणि सलमा दारात आली, की फट्कन बंद व्हायचा. रोज तिथेच. सलमाचा एक पाय उंबऱ्याबाहेर, आणि अंधार. पोरगी सासरी जाऊन नांदायला लागली होती. माझ्या ओटीवर ती अजून उंबऱ्यात उभी होती.

म्हणून चाचा स्वतः बघायला आले होते, मी साबणात असताना. मी टॉवेल सावरत त्यांना हवेचं शास्त्र समजावलं. गार हवा जड असते, ती खाली असते, म्हणून तोंड खाली. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग वाकून कॅबिनेटखालच्या गोणपाटाची कड चिमटीत धरली, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि सोडून दिली.

"तुज्या त्या दाढीवाल्याच्या घरात फरशीला घाम फुटतो का रं?" त्यांनी विचारलं.

"त्याचा काय संबंध?"

"नाय, आपलं इचारलं. तोंड वर कर."

मी केलं नाही. तीन शुक्रवार गेले. दर शुक्रवारी नमाज पढून चाचा यायचे, पट्टी धरायचे, पट्टी लोंबायची, चहा प्यायचे, "तोंड वर" म्हणून जायचे. चिडले नाहीत कधी. पाऊस लागला, मी त्यांना व्होल्टेजवर व्याख्यान दिलं. लाइट गेली, त्यांना सूर्यावरच्या डागांबद्दल सांगितलं. ज्या माणसाने जन्मभर पंखे दुरुस्त केले, त्याला मी पंखा म्हणजे काय हे शिकवत होतो, आणि तो मान हलवत होता.

चौथ्या गुरुवारी माझी थापांची पेटी रिकामी झाली. मी दार लावून घेतलं, चार स्क्रू काढले, डबा उलटा केला, चार स्क्रू लावले. दहा मिनिटांचं काम. पट्टी धरली तर ती वेड्यासारखी फडफडली. सलमा उंबरा ओलांडून गाडीत बसली.

शुक्रवारी मी चाचांना सांगितलं, "बरंच संशोधन केलं. शेवटी मला एक कल्पना सुचली."

"लई बरं केलंस," चाचा म्हणाले.

त्यांनी पाठवणी पाहिली. सलमा आईच्या गळ्यात पडून रडत होती. मधेच तिची ओढणी उडून तोंडावर आली. चाचा एकदम पुढे झुकले.

"थांबव. मागं घे."

मी मागे घेतलं. पुन्हा ओढणी उडाली.

"चालू झाला व्हता," चाचा म्हणाले. "ती जायच्या आदी चालू झाला व्हता माजा पंखा. तिला वारा लागला." मग बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. ग्रीसच्या फडक्याने.

गेल्या थंडीत चाचा गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी अजून कुठल्याही यंत्राच्या पाठीशी कागदाची पट्टी धरल्याशिवाय त्याला हात लावत नाही. हे माझंच संशोधन आहे, असं गिऱ्हाइकांना सांगतो.

परवा जुना कॅबिनेट उचलून नवा ठेवत होतो. खालचं गोणपाट निघालं. चार घड्यांचं, कॅबिनेटचे पाय त्यात रुतलेले आणि ते बुडाच्या जाळीला घट्ट चिकटलेलं. माझ्या डोक्यात इतक्या वर्षांनी उजेड पडला, आणि पडला तो नेमका चाचांवर मात करायला.

"आई, बघ!" मी ओरडलो. "पंखा उलटा नव्हताच! गोणपाटाने नाक दाबलं होतं त्याचं! एवढे हुशार चाचा, त्यांना हे कळलं नाही!"

आई तांदूळ निवडत होती. "कळलं व्हतं," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी काढत व्हते. मीच बोलले, भाई, त्याला हात लावू नका, पावसात फरशी ओली व्हते, पोराचं एवढं महागाचं यंत्र हाय. ते बोलले, बरं वहिनी, मग पंखाच फिरवायला सांगतो."

मी गोणपाट हातात धरून उभा राहिलो. तीन शुक्रवार. वहिनीचा शब्द मोडायचा नाही म्हणून माणूस पोरीच्या पाठवणीसाठी तीन शुक्रवार थांबला होता.

"मग मला का नाही सांगितलं कुणी?"

आईने सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

"तू इचारलंस कुटं? तू सांगत व्हतास."