मोड आलेल्या सोयाबीनचा प्रयोग

लातूरच्या एका अख्ख्या वाड्यातल्या बिऱ्हाडांची पोटं मी एका संध्याकाळी बिघडवली, आणि तेही शास्त्राला धरून.

मी मुखेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती, आणि ज्याच्या घरी दहावीला बरे मार्क पडलेलं लेकरू होतं तो तिथल्या क्लासेससाठी बिऱ्हाड उचलून लातुरात येत होता. माझी मुलगी वैशाली बारावीला गेली, तशी मीही तिला आणि बायकोला, सुमनला, तिथं एका खोलीत ठेवून आलो. मालकीणबाई शमीमखाला. त्यांच्या घरची फुटाण्यांची भट्टी होती. भूकंपानंतर त्यांनी स्लॅबचा नाद सोडून सगळ्या खोल्यांवर पत्रे टाकले होते. खोल्या सहा, बारावीवाले सहा, आणि अंगणाच्या टोकाला संडास एक.

तिथले पालक अभ्यासापेक्षा आहारावर जास्त बोलायचे. कोणी पहिला आलेला मुलगा भिजवलेले बदाम खायचा असं कानावर आलं, की आठ दिवस चौकातल्या दुकानात बदाम मिळायचे नाहीत. (त्या मुलाने अभ्यासही केला असावा, पण तो तपशील कोणी विचारला नाही.) मला हे पाहवत नव्हतं. मी विज्ञानाचा शिक्षक होतो. चुकीचं खाणाऱ्या माणसांना रीतसर दिशा देणं मला माझं कर्तव्य वाटलं.

झालं असं, की एका मासिकात मी वाचलं होतं : धान्य भिजवून मोड आणले की त्यातली सत्त्वं अंगाला जास्त लागतात. लेख मटकी-मुगाबद्दल होता. मी तो मनातल्या मनात सोयाबीनपर्यंत वाढवला, कारण भावाच्या शेतातलं पोतंभर सोयाबीन घरात होतं आणि मटकी नव्हती.

शुक्रवारी मुखेडला सोयाबीन भिजत घातलं, फडक्यात बांधलं, आणि शनिवारी ते बोचकं मांडीवर घेऊन एसटीत बसलो. रविवारी संध्याकाळी मी खोलीत ते सोडलं. छान मोड आले होते. सुमनने पातेलं पुढे ओढलं.

"काय करायलीस?"

"शिजवायलेय. अजून काय करणार?"

"शिजवलं की सगळं सत्त्व पाण्यात जातं. कच्चंच खायचं. लिंबू पिळून."

दारात खाला उभ्या होत्या. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला आणि बाहेर काढून हातात ठेवला.

"सर, हे सोयाबीन हाय, मूग न्हाई. ह्याला आग दाखवावी लागतीय. आमच्या भट्टीवर न्हेऊ का?"

"खाला, भाजल्याने प्रथिनं जळतात," मी म्हणालो. चाळीस वर्षं धान्य भाजणाऱ्या बाईला मी हे सांगत होतो.

खालांनी हातातला दाणा अंगणात टाकला. वैशालीने मात्र वहीतून मान वर केली.

"पप्पा, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारं काहीतरी असतंय. उष्णतेनं ते जातंय. आमच्या नोट्समध्ये हाय."

"नोट्स परीक्षेपुरत्या असतात, बाळ."

तिने वाटी माझ्याकडे सरकवली आणि पुन्हा वहीत मान घातली. आता तिचा विश्वास बसावा म्हणून मी तिचीही वाटी खाल्ली आणि माझीही. चव ओल्या फडक्यासारखी होती, पण मी चेहऱ्यावर समाधान ठेवलं. ते समाधान शेजारच्या खोलीतल्या चाकूरच्या कदमांनी पाहिलं.

"काय खायलाव सर?"

मी सांगितलं. खरं म्हणजे अर्धा तास सांगितलं. अर्ध्या तासाने पाचही खोल्यांतून वाट्या आल्या. कदमांनी दोन नेल्या, एक मुलाला आणि एक स्वतःला, कारण मुलाचा अभ्यास तेच घ्यायचे.

सकाळी सहाच्या सुमाराला माझ्या पोटात जे सुरू झालं त्याचं वर्णन करत नाही. मी उठून दार गाठतो तोच पलीकडून कदमांनी आपलं पत्र्याचं दार धाडकन उघडलं आणि ते अंगणातून पळत सुटले. त्यांच्या मागे मी. माझ्या मागे तिसऱ्या खोलीतले दोघं. आता लातुरात त्या दिवसांत पहाटे पत्रे वाजले आणि माणसं पळाली, की त्याचा अर्थ कोणी विचारत बसत नसे.

"भूचाल! सगळे मैदानात चला," खाला ओरडल्या.

आणि त्यांनी आम्हाला हाताला धरधरून समोरच्या उघड्या मैदानात नेलं. ज्यांना एकाच ठिकाणी जायचं होतं त्यांना त्या ठिकाणाहून दूर नेऊन उभं केलं. कदम हात जोडून म्हणत होते, "खाला, जमीन न्हाई हालायली, मी हालायलोय." खाला त्यांना सोडेनात. भीतीने पाय कापतायत, अशी त्यांची समजूत. सुमनने त्यांच्या कानात खरं कारण सांगितलं, तेव्हा कुठे सुटका झाली. पुढचा दीड तास अंगणात रांग होती. रांगेत मला कोणी पुढे जाऊ दिलं नाही.

आठ वाजता क्लासमध्ये सराव परीक्षा होती. आमच्या अंगणातून एकटी वैशाली गेली. आणि ती पहिली आली.

दुसऱ्या दिवशी पाच खोल्यांचे पालक आमच्या दारात होते. कोणाचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"सर," कदम म्हणाले, "तुम्ही इज्ञानाचे मास्तर. कच्चं सोयाबीन बाधतंय हे तुम्हाला म्हाईत नव्हतं, हे कसं पटावं? पोरीला बरं खाऊ दिलं न्हाई तुम्ही."

खोली सोडायची पाळी येणार हे मला दिसत होतं. तिची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली, आणि मी लबाड ठरत होतो. मी शपथा घेतल्या, दोन वाट्या खाल्ल्याचं सांगितलं. कोणी हललं नाही. माझं शिक्षण, माझी बी.एस्सी., माझी अठरा वर्षांची नोकरी, सगळं माझ्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभं होतं.

तेव्हा सुमन हात पुसत पुढे आली.

"कदमभाऊ, वीस वर्षं झाली संसाराला. डाव टाकण्याइतकी अक्कल यांना असती तर आम्ही मुखेडला कशाला राहिलो असतो? खरंच कळत न्हाई यांना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्याबद्दलचं एक विधान पाचही बिऱ्हाडांना पुराव्याशिवाय पटलं.